डाव्या मुंढ्याची तक्रार

१

कुलूप शाबूत होतं. शिलाई मशिनं जागच्या जागी होती, कापडाचे तागे होते, मोठी कात्री खिळ्यावर होती. आणि तरी त्या सकाळी मास्तरांचं दुकान नाहीसं झालं होतं.

दुकान संगणकावरचं होतं. गॅरेजच्या माडीवरल्या लांबट खोलीत फक्त शिवणकाम चालायचं. गिऱ्हाइकं सगळी समुद्रापलीकडची. ती दुकानाचं पान उघडायची, मापं कळवायची, कोट मागवायची. त्या सकाळी पान उघडलं तर कोटांचे फोटो गायब आणि मधोमध एक करडी पाटी : हक्कभंगाची तक्रार आल्यामुळे हे दुकान बंद करण्यात आले आहे. हे दुकान सांभाळणारा मास्तरांचा धाकटा भाऊ त्या पाटीकडे बघत उभा होता, आणि शिवणाऱ्या बायका त्याच्याकडे बघत बसल्या होत्या.

तक्रार परदेशातल्या एका कंपनीची होती. हा कोट आमच्या नावावर नोंदलेला आहे आणि हे लोक त्याची नक्कल करून विकताहेत, असं तिचं म्हणणं.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि प्यायला पाणी मागितलं. कोट कुणाचा हे त्या खोलीतल्या भिंतींनाही माहीत होतं. तो त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, चिमणीचा. तिच्या पाठीचा कणा डावीकडे वाकत गेला होता. अंगाला कायम कडक पट्टा बांधलेला, हात वर उचलता यायचा नाही, आणि कपडे घालायची वेळ आली की पोर रडायची. बापाने मग असा कोट बेतला, जो खांद्यावर आणि कुशीत उघडतो. तो अंगाभोवती गुंडाळायचा आणि बंद करायचा, हात उचलायचं कामच नाही. चिमणी तो घालून घरभर मिरवली. पुढे तिच्या फुप्फुसांना आत जागा उरली नाही आणि ती गेली.

तेव्हापासून मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. या कोटाचं डिझाइन सरकारदरबारी नोंदवायचं आणि नोंदणीत त्याचं नाव लिहायचं, 'चिमणी'. जगातल्या एका तरी पक्क्या कागदावर पोरीचं नाव राहावं, एवढीच त्या माणसाची मागणी होती. अर्ज करेपर्यंत त्यांनी एकही कोट बाहेर जाऊ दिला नाही. माडीवर शाळेचे गणवेश शिवून दिवस काढले. अर्ज गेला, मग दुकान उघडलं.

कंपनीची नोंदणी मात्र त्या अर्जाच्याही आधीची निघाली. कोट या खोलीबाहेर कुणी पाहिलेलाही नव्हता, तेव्हाची.

"म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी दिला," मास्तर म्हणाले.

२

ताईला बोलावणं गेलं ते दुपारच्या आत. ती मास्तरांची थोरली मावसबहीण. डिझाइन नोंदणी कार्यालयात तिने उभी हयात अर्ज तपासण्यात घालवली होती, आणि त्यातले बहुतेक नाकारण्यात. तिथले लोक तिला पाठीमागे 'नाहीबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. निवृत्तीनंतर नाही म्हणायला कुणी समोर येईना, याचंच तिला वाईट वाटायचं.

"आधी विचारायचं तरी," धाकटा तिच्यापुढे तणतणला. "तक्रार आली की थेट दुकान बंद आणि चौकशी मागाहून. हा कुठला न्याय?"

"नव्या व्यापार करारातच तसं आहे. तिकडे नोंदलेला हक्क इकडे लागलीच मानायचा. तो खोटा आहे हे तू दाखवायचंस, आणि दाखवेपर्यंत दुकानाला टाळं."

"करार झाला तेव्हा आपलं कुणी नव्हतं का तिथे?"

"होते की. जेवायला होते," ताई म्हणाली. "आता ऐक. हरकत इथल्या कार्यालयात घेता येते. पण 'आमचाच आहे हो' एवढ्यावर भागत नाही. कोट इथून तिथे कसा गेला, ते दाखवावं लागेल."

कोट जवळून पाहिलेली माणसं मोजकी होती. संगणकावर नमुन्याच्या फाइली करणारी एक मुलगी, जी आता नोकरी सोडून गेली होती. पुठ्ठ्याचे नमुने कापणारा म्हातारा कटर, जो मास्तरांशी कडाकडा भांडून एका मोठ्या कपडा कारखान्यात गेला होता. आणि हा समोर बसलेला धाकटा. मास्तरांची बायको होती, पण ती चिमणी गेल्यापासून माडी चढलीच नव्हती. घरी बसून कोटांची काजं करून द्यायची. तिच्या हातचा टाका शोधूनही सापडायचा नाही, असं बायका म्हणायच्या.

"तुझा त्या कंपनीशी काही संबंध?" ताईने धाकट्याला सरळच विचारलं.

तो आधी नाही म्हणाला. ताईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि बघत राहिली. अर्जदार या टप्प्यावर सहसा बोलायला लागत.

"त्यांचा निरोप आला होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "डिझाइन विकता का म्हणून. मी दादाला सांगितलं नाही."

३

आता सगळं स्वच्छ दिसतंय, असं एखाद्याला वाटलं असतं. ताईला काही स्वच्छ दिसलं की आधी धसका बसायचा.

निरोप तिने स्वतः वाचला. तो अर्जानंतरचा होता. कंपनीकडे कोट आधीपासूनच होता; तिला फक्त वाटेतला काटा विकत घ्यायचा होता. धाकट्याने उत्तरही दिलं होतं. दादा विकणार नाही, तो त्याच्या लेकीचा आहे, असं. मग दादाला का नाही सांगितलं, तर म्हणे, "चिमणीचा विषय निघाला की तो दोन दिवस जेवत नाही, ताई."

फाइलवाली मुलगी एका छपाईच्या दुकानात सापडली. घरी शिवू पाहणाऱ्यांसाठी कंपनी कोटाचा छापायचा नमुनाही विकायची; ताईने येतानाच तो तिच्या पानावरून रीतसर विकत घेतला होता, तोच मुलीला छापायला दिला. कागद निघाले, दोघींनी ते जमिनीवर जुळवून चिकटवले. मुलगी गुडघ्यांवर बसून बघत होती.

"हा माझ्या फाइलीवरून नाही," ती म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात."

"म्हणू देत. यात माया कुठंय?"

शिवणीसाठी कडेने जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. मुलीने जुनी फाइल उघडून दाखवली. प्रत्येक तुकड्याला बाहेरून दुसरी रेघ होती. कंपनीच्या नमुन्यात एकच रेघ, आणि खाली सूचना : शिवणीसाठी जागा आपण सोडावी.

म्हातारा कटर कारखान्याच्या फाटकापाशी भेटला. त्याने ताईला ओळखलं आणि ती कशासाठी आली तेही.

"मास्तराशी माझं वाजलं, कबूल," तो म्हणाला. "तो कात्रीला हात लावू देत नाही कुणाला, म्हणून वाजलं. त्या पोरीच्या कोटाशी माझं काय भांडण? आणि मी कापलेले पुठ्ठे मायेसकटच असतात. विचारा कुणालाही."

विचारायची गरज नव्हती. पुठ्ठे माडीवर टांगलेलेच होते, आणि म्हातारा म्हणतो तसेच होते. म्हणजे तिन्ही माणसं हातातून निसटली आणि चोरी तशीच राहिली. ताई त्या संध्याकाळी कंपनीच्या पानावर गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचत बसली. बहुतेक कौतुकाचे होते, पण एक तक्रार फिरून फिरून येत होती, निरनिराळ्या देशांतून : कोट छान, पण डाव्या मुंढ्यात, खांद्यापाशी बाही जोडतात तिथे, ओढतो.

४

दुसऱ्या दिवशी माडीवर मोठ्या टेबलावर ताईने दोन्ही नमुने शेजारी शेजारी पसरले. एक दुकानाचा, एक कंपनीचा. मास्तर होते, धाकटा होता. बायकांना तिने गणवेशांची कामं पुढे करायला सांगितलं, पण एकही मशीन चालू झालं नाही.

"समोरचे भाग सारखे," ती म्हणाली. "कुशीतली बंदं सारखी. फरक फक्त पाठीत. यांच्या नमुन्यात डावी पाठ बोटभर आखूड आहे आणि मुंढा खाली ओढलाय."

"नक्कल लपवायला बदललं असेल," धाकटा म्हणाला.

"लपवायचं असतं तर कॉलर बदलली असती, खिसा लावला असता. चांगला बसणारा मुंढा मुद्दाम कोण बिघडवेल? आणि गिऱ्हाइकं ओरडताहेत, तरी त्यांनी तो दुरुस्त केला नाही. कारण हे वाकडं आहे हे त्यांना कळलेलंच नाही. समोर आलं ते त्यांनी गिरवलं. म्हणजे त्यांच्या हाती पडलेला नमुनाच वाकडा होता."

"आपला तर सरळ आहे."

"आपला सरळ, आणि मायेसकट. यांचा वाकडा, आणि मायेशिवाय. आता मला सांग, शिवलेला कपडा उसवून पसरला आणि जिथे टीप होती त्या रेघेवरून गिरवला, तर माया येईल?"

धाकट्याने मान हलवली. ताई मास्तरांकडे वळली. मास्तर तिचं ऐकत नव्हते. ते टेबलावर वाकले होते आणि त्यांनी आपला पंजा कंपनीच्या नमुन्यावर, डाव्या पाठीच्या तुकड्यावर ठेवला होता. हात हळूहळू त्या वळणावरून खाली आला. असा हात त्यांनी किती वेळा फिरवला असेल, हे ताईला त्या क्षणी कळलं आणि तिला तिथे उभं राहवेना.

"ही तिची पाठ आहे," मास्तर म्हणाले.

धाकटा टेबलाजवळ येऊन त्या वळणाकडे बघू लागला.

"दुकानासाठी नमुना करताना मी पाठ सरळ करून घेतली. हा तिचा स्वतःचा कोट. पहिला." ते खुर्चीत बसले. "पण तो बाहेर गेला नाही, ताई. तो घरी कपाटात आहे. मी रोज बघतो."

५

भावजयीने, मास्तरांच्या बायकोने, दार उघडलं तेव्हा तिच्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच होतं. ताई एकटीच आली होती. मास्तरांना तिने 'कार्यालयात जाऊन येते' असं सांगितलं होतं, आणि मास्तरांनी ते खरं मानलं, कारण ताईने आजवर कधी थाप मारली नव्हती.

"चिमणीचा कोट बघू दे गं जरा."

भावजय आत गेली आणि कोट घेऊन आली. ताईने तो खिडकीजवळ नेला, उलटा केला आणि आतल्या शिवणी बघितल्या. मास्तर मशीनवर शिवत. इथे मशीनच्या सुईची भोकं होती, एका ओळीत, पण रिकामी. त्यांच्याच कडेने बारीक उलटी टीप होती, हाताने घातलेली. इतकी नेटकी की वरून बघणाऱ्या बापालाही कधी शंका आली नव्हती.

"हा सगळा उसवून परत शिवलाय," ताई म्हणाली.

"हो."

"का गं?"

भावजय पाटावर बसली. रडली वगैरे नाही. तिचं रडून झालेलं होतं.

"मोबाइलवर आयांचा एक गट आहे, वन्सं. अशी मुलं असलेल्या. मी त्यात तेव्हापासून आहे, नंतरही निघाले नाही. तिकडच्या कुठल्या देशातली एक बाई, तिची भाषा मला येत नाही, पण मोबाइल भाषांतर करून दाखवतो. तिने लिहिलं होतं, मुलीला कपडे घालताना ती रडते, मग मी रडते, मग आम्ही बाहेर जायचंच सोडून देतो." तिने बोटातलं अंगुस्तान काढलं. "मी यांना म्हटलं, नमुना देऊ या तिला. हे म्हणाले, नोंदणीआधी कागदाचा कपटाही बाहेर जायचा नाही, ताईने बजावलंय."

ताईने बजावलं होतं. सगळ्यांनाच ती तसं बजावायची, आणि सल्ला बरोबरच होता.

"मग मी कोट उसवला. हे माडीवर असताना. तुकडे चादरीवर पसरून कागदावर गिरवले, फोटो काढला, गटात टाकला. एका शिवणीत तिचा केस निघाला, वन्सं. तो परत आत ठेवूनच शिवलं."

ताईने कोटाची घडी घातली, मग ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा घातली.

फोटो अजून त्या खुल्या गटात होता, तारखेसकट, कंपनीच्या नोंदणीच्या पुष्कळ आधीचा. ज्या ठिकाणी हा गट चालायचा त्याच्या अटी ताईने वाचल्या. इथे टाकलेलं काहीही आम्ही कुणालाही वापरायला देऊ शकतो, असं त्यात होतं. 'मान्य' दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि ते वाचून दाबणारी आई अजून जन्माला यायचीय. तिथूनच कुणीतरी उचललं होतं. चोरी म्हणावं असं कुणी काही केलंच नव्हतं, आणि दुकान मात्र गेलं होतं.

"यांना सांगू नका," भावजय म्हणाली.

"न सांगता दुकान उघडत नाही बाई."

मागे दार वाजलं. मास्तर उंबऱ्यात उभे होते. थाप मारायची सवय नसलेल्या माणसाची थाप फार वेळ टिकत नाही.

६

सगळं भावजयीनेच सांगितलं. ताईने मध्ये एक शब्द घातला नाही. मास्तर उभ्यानेच ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं ते भलतंच.

"उसवताना कापड कुठे फाटलं?"

"नाही."

"पाठीशी जरा विरलं होतं ना?"

"तिथे ब्लेडच्या टोकाने एकेक टाका काढला."

ते बसले. पुढचं बोलणं ताईलाच भाग होतं, आणि तिला ते नकोसं झालं होतं.

"फोटो कंपनीच्या नोंदणीआधी जगजाहीर झाला. म्हणजे त्यांचं डिझाइन नवं नव्हतं. त्यांचा हक्क रद्द होईल, दुकान परत उघडेल. ते नक्की."

"आणि आपला अर्ज?"

"तो त्याहून मागाहूनचा. तोही जाईल. कोट मग कुणाचाच नाही. ज्याला हवा त्याने शिवावा." तिने दोघांकडे पाहिलं. "एक वाट आहे. मालकाची मनाई असताना कुणी विश्वासघाताने डिझाइन बाहेर दिलं, तर कायदा ते उघड झालं असं धरत नाही. तू शपथेवर लिहून द्यायचंस की मी नको म्हटलं होतं आणि बायकोने चोरून दिलं. मग चोरीच्या मालावरचा म्हणून कंपनीचाही हक्क जातो आणि तुझा अर्जही जगतो."

"नाव राहतं?"

"नाव राहतं. पण ते निवेदनही त्याच्या सोबत कायम राहतं. कुणीही काढून वाचू शकतं."

"लिहा," भावजय नवऱ्याला म्हणाली. "खोटं काय त्यात? तुम्ही नको म्हटलं होतं, मी दिलं."

खरंच होतं. ताईने आयुष्यभर ज्या निवेदनांची वाट पाहिली, तसं ते होतं, एकेक शब्द खरा. तिने कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. मास्तर बायकोकडे बघत होते.

"तिकडच्या त्या मुलीला बसला का तो?"

"डावीकडे ओढला. तिच्या आईने उसवून सैल करून घेतला. मग बसला."

"रडायची थांबली?"

"हो. फोटो पाठवला होता तिने. बागेतला."

मास्तरांनी तो फोटो मागितला नाही. मग विचारलं, "तिथे चिमणीचं नाव लिहिलं होतंस?"

"नाही." भावजयीने घडी घातलेला कोट मांडीवर ओढला. "कोट दिला. तेवढं एक मला कुणाला द्यावंसं वाटलं नाही."

मास्तर तेव्हा रडले. तोंड न झाकता, हात गुडघ्यांवर ठेवून. ताई भिंतीकडे तोंड करून बसली. तिला वाटलं, या दोघांनी इतके दिवस एकाच घरात एकाच मुलीचा शोक केला, आणि एकाने तिचं नाव जगापुढे ठेवायची धडपड केली, दुसरीने ते लपवून ठेवायची. एकमेकांना कुणी विचारलंच नव्हतं.

"लिही, ताई," शेवटी मास्तर म्हणाले. "नमुना मीच दिला. हिच्या हातून दिला. मी सांगितलं म्हणून हिने कोट उसवला."

"अहो," भावजय म्हणाली.

"हे खोटं आहे," ताई म्हणाली.

"असू दे. माझ्या बायकोने चोरी केली असं मी कागदावर लिहून देणार नाही. आणि त्याच्याशेजारी पोरीचं नाव तर मुळीच नाही."

एवढ्याशा खोट्या ओळीवरून ताईने कितीतरी लोकांना दारातून परत पाठवलं होतं. तिने ती ओळ स्वच्छ अक्षरात लिहिली, जशी त्यांनी सांगितली तशी, आणि खाली अर्ज मागे घेत असल्याचं लिहिलं. एकदा वाचून दाखवलं. कागद मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आता कुठेच नाही राहणार तिचं नाव," ते म्हणाले.

"घरात राहील की," भावजय म्हणाली.

"घरात कोण आहे?"

"आपण दोघं."

"मग आपण दोघं आहोत तोवर राहील," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सही केली.